विटांच्या आतल्या भिंतीला दरवर्षी लोणा लागतो? रंगाचा डबा उघडायच्या आधी हे तपासा

दिवाळीला रंग दिला आणि शिमग्यापर्यंत खालच्या दोन फुटांचे पोपडे सुटले, ही तक्रार सांगली-मिरज-शिरोळ पट्ट्यात इतकी नेहमीची आहे की लोक तिला घराचा स्वभाव समजून सोडून देतात. रंगारी म्हणतो पुट्टी बदला. दुकानदार वॉटरप्रूफ प्रायमर पुढे करतो. गवंडी म्हणतो, गिलावा पाडा आणि केमिकल घालून नवा करा. पाणी कुठून येतंय, हा प्रश्न तिघांपैकी कुणीच विचारत नाही. मी दुरुस्तीची कामं घेतो आणि त्यातली निम्मीअधिक ओल आणि लोणा, म्हणजे भिंतीवर फुलणारा पांढरा क्षार, यांचीच असतात. त्यातून तपासणीचा एक क्रम माझ्या हाताला बसला आहे, तो इथे देतो. सुरुवातीच्या तपासण्यांना दमडी लागत नाही, आणि बऱ्याच घरांचं उत्तर तिथेच सापडतं.

लक्षणं: भिंत काय सांगते

जमिनीपासून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर संपणारा पट्टा, वरची कड वेडीवाकडी, आणि पांढरी भुकटी नेमकी त्या कडेवर सगळ्यात जास्त. ही पायातून चढणारी ओल. विटेच्या आणि मसाल्याच्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जातं. साधारण मीटरभर चढलं की खालून येणारं पाणी आणि भिंतीतून हवेत उडणारं पाणी सारखं होतं. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, म्हणून लोणा कडेवर साचतो. जिची एकही बाजू घराबाहेर नाही अशा मधल्या भिंतीलाही हा पट्टा असेल, तर फारशी शंका उरत नाही.

एकाच जागी डाग, आणि तो उन्हाळ्यातही तेवढाच ओला, तर नळाची किंवा ड्रेनेजची गळती. भिंतीच्या पलीकडे मोरी, बाथरूम किंवा बेसिन आहे का ते बघा.

ओल फक्त पावसाळ्यात, तीही पश्चिमेच्या किंवा नैऋत्येच्या भिंतीला आणि खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून येत असेल, तर झडीचा पाऊस भिंतीत शिरतोय. छताच्या कोपऱ्यातून खाली उतरणारे पिवळट कडांचे ओघळ असतील, तर दोष गच्चीत किंवा कठड्यात आहे.

घर बांधून वर्ष-दोन वर्षंच झाली आहेत, भिंत हाताला कोरडी लागते, तरी पांढरी भुकटी येते? मग तो क्षार विटांतला, वाळूतला किंवा बांधकामाला मारलेल्या बोअरच्या पाण्यातला. बांधकामाचं पाणी सुकताना तो बाहेर पडतो. कोरड्या ब्रशनं झाडत राहा, एक-दोन उन्हाळ्यांत कमी होतो. यावर पैसे घालवू नका.

कपाटामागे काळे-हिरवे ठिपके आणि कुबट वास असेल तर ती बुरशी आहे, लोणा नव्हे. पांढुरक्या जागेवर ओळखायला अवघड जातं, तेव्हा पाण्याचा एक थेंब लावून बघा. क्षार बहुतेक वेळा विरघळून दिसेनासा होतो, बुरशी तशीच राहते.

आता सगळ्यात जास्त चकवणारं लक्षण. गळती सापडली, बंद केली, उन्हाळाभर भिंत कोरडी राहिली, आणि श्रावणात पुन्हा ओलीचिंब. लोक घाबरून पुन्हा फोडाफोडी सुरू करतात. इथे पाणी बाहेरून आलेलंच नसतं. पावसाळ्यात डब्यातल्या मिठाला पाणी सुटतं, तोच प्रकार भिंतीतल्या क्षारांचा. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की साधं मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळायला लागतं. कॅल्शियम नायट्रेटला तर ५० टक्क्यांच्या आसपासची आर्द्रताही पुरते. नायट्रेट येतात गोठ्यातून, शेणखताच्या उकिरड्यातून, जुन्या शोषखड्ड्यातून. म्हणून पूर्वी जिथे जनावरं बांधत होते त्या सोप्याची खोली केली की ती भिंत वर्षानुवर्षं घाम गाळते. अशा भिंतीतून क्षार काढावे लागतात, गळती शोधून उपयोग नाही.

हे सगळं आपल्याकडे इतकं जास्त का, तर जमिनीमुळे. कृष्णाकाठची काळी माती, उसाला वर्षभर पाणी, निचरा नाही, आणि शिरोळ, मिरज, वाळवा, पलूस या भागांत हजारो एकर जमीन क्षारपड झालेली. पायातून चढणारं पाणी साधं नसतं, खारं असतं. कोरडवाहू गावातल्या घराला जी ओल नुसता डाग देऊन जाते, तीच इथे विटेचं पीठ करते.

फुकटातल्या तपासण्या

पहिली म्हणजे पेन्सिल. ओलीच्या वरच्या कडेवर रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. चैत्रात एक, आषाढात एक, दिवाळीनंतर एक. रेघ वर्षभर जागची हलली नाही तर कारण बारमाही आहे: पाइप किंवा जमिनीतलं वर आलेलं पाणी. पावसाळ्यात चढून उन्हाळ्यात उतरली तर पावसाशी संबंध आहे. ऊस पाजायच्या पाळीबरोबर चढ-उतार होणारी भिंतही मी बघितली आहे. घर शेताच्या बांधाला लागून होतं. अंदाजावर पैसे खर्च करण्यापेक्षा एक वर्ष रेघा मारलेल्या परवडल्या.

दुसरी, टाकीची रात्र. झोपताना सगळे नळ बंद करा, फ्लशच्या टाकीचा कॉकही बंद करा, मोटर लावू नका, आणि वरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खूण करा. सकाळी नळ उघडायच्या आधी बघा. पातळी उतरली असेल तर भरल्या लाइनला गळती आहे. ही तपासणी आधी करायची, कारण ही लाइन चोवीस तास दाबाखाली असते आणि सुईएवढं भोकसुद्धा भिंतीत सतत पाणी सोडत राहतं. फ्लशचा कॉक मुद्दाम सांगतोय, तो उघडा राहिला तर कमोडमध्ये झिरपणाऱ्या पाण्याचा दोष भिंतीवर जातो. पालिकेच्या नळापासून हौदापर्यंतची लाइन या परीक्षेत येत नाही. त्यासाठी पाणी सुटलेलं असताना हौदाचा कॉक बंद ठेवून मीटरचा काटा फिरतोय का ते बघा.

तिसरी, फॉइल. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल फूटभर चौकोनी कापा, भिंतीची भुकटी झाडून चारी कडा टेपनं पक्क्या चिकटवा आणि दोन दिवस तशीच ठेवा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर हवेतला दमटपणा थंड भिंतीवर बसतोय: खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, घरात ओले कपडे वाळत घालणं थांबवा. थेंब भिंतीकडच्या बाजूला असतील तर पाणी भिंतीच्या आतून येतंय. लोण्याच्या भिंतीवर ओल मोजायच्या मीटरपेक्षा माझा या फॉइलवर जास्त विश्वास आहे. दोन टोचे लावून विजेवर चालणारं ते मीटर क्षारामुळे फसतं, भिंत तेवढी ओली नसतानाही आकडा फुगवून दाखवतं. तो आकडा दाखवून कुणी तुम्हाला मोठं काम गळ्यात मारत असेल तर जरा थांबा.

चौथी, घराबाहेरची फेरी. घाई करू नका, कारण बहुतेक घरांचं दुखणं मला इथेच सापडतं.

आतल्या फरशीची पातळी बाहेरच्या भिंतीवर खडूनं आखून घ्या. सोपी रीत म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, गवंडी लेव्हल काढायला वापरतात तीच. आता बाहेरची जमीन त्या खुणेपेक्षा किती खाली आहे ते मोजा. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे जोतं आजूबाजूच्या जमिनीपेक्षा किमान ४५० मिलिमीटर, म्हणजे दीड फूट उंच हवं. घर बांधलं तेव्हा तेवढं असतंही. मग समोरचा रस्ता दर काही वर्षांनी आधीच्या थरावरच नवा थर टाकून उंचावत जातो. अंगणात पेव्हर ब्लॉक बसतात, त्याखाली सहा इंच मुरूम. मागे भिंतीला चिकटून बागेचा वाफा होतो. दोन फुटांचं जोतं चार इंचांवर येतं, आणि काही घरांत तर बाहेरची जमीन आतल्या फरशीच्याही वर गेलेली असते. तिथे पाणी चढतसुद्धा नाही, आडवंच भिंतीत शिरतं. मग आतून काहीही लावा, फरक पडत नाही. माती उतरवणं हाच इलाज. खर्च दोन मजुरांच्या रोजाचा.

बांधाबांध झाल्यामुळे माती उतरवताच येत नसेल, तर भिंतीलगत फूटभर रुंदीचा चर काढा, फरशीच्या पातळीखाली सहा इंचांपर्यंत. खडी भरा, आणि चराला उतार देऊन पाणी गटारात काढा. उतार न देता खडी भरली तर पायाशेजारी हौद तयार होतो. पायाच्या तळाखाली मात्र कधी खणू नका. काळ्या मातीत तो खेळ घराला तडे देतो.

याच फेरीत आणखी चार-पाच गोष्टी बघून घ्या. गच्चीच्या पाण्याचा पाइप पायाशीच तर सुटलेला नाही ना? एसीचं पाणी, टाकीची ओव्हरफ्लो नळी, कपडे-भांडी धुवायच्या दगडाचं पाणी कुठे जातं? भिंतीला टेकून तुळशीचं वृंदावन आणि त्याला रोज तांब्याभर पाणी? घराभोवतीचा कोबा भिंतीपासून सुटून मध्ये फट पडली असेल तर ती भरा, आणि कोब्याला बाहेरच्या बाजूला फुटाला पाव इंच तरी उतार हवा. उतार उलटा म्हणजे भिंतीकडे असेल, तर दुखणं सापडलं असं समजा.

थोडा खर्च, थोडी मेहनत

डाग बाथरूमच्या भिंतीला असेल तर न्हाणीच्या जाळीखाली ओल्या फडक्याचा घट्ट बोळा बसवा, फरशीवर इंचभर पाणी भरा आणि खाण्याचा लाल रंग घालून चोवीस तास ठेवा. पाणी उतरलं किंवा पलीकडे रंग आला तर फरशीच्या दरजा (सांधे) किंवा जाळीखालच्या न्हाणी ट्रॅपचा सांधा गेला आहे. पाणी तसंच राहिलं तर बोळा काढून ते सोडा आणि आता डाग बघा. वाढला तर दोष ट्रॅपच्या पुढच्या पाइपात. हा फरक पैशांचा आहे. दरजा भरणं एका दिवसाचं काम, पाइप बदलणं म्हणजे अर्धं बाथरूम फोडणं. म्हणून आधी पाणी भरायचं, मग हातोडा.

झडीच्या पावसाचा संशय असेल तर कोरड्या हंगामात बाहेरून नळीनं पाणी मारा, पण खालून वर. आधी जोत्याजवळ वीस मिनिटं, मग खिडकीच्या खालची कड, मग चौकटीच्या बाजू, शेवटी छज्जा. वरून सुरुवात केली तर ओघळ सगळीकडे जातात आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. बहुतेक वेळा चौकट आणि भिंत यांच्यातली फट निघते, नाहीतर छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणतोड (पाणी तिथेच खाली टपकवणारी खाच) नसल्यामुळे पाणी उलटं भिंतीकडे धावत असतं.

गच्चीबद्दल थोडक्यात: पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशीही डबकी राहत असतील तर उतार चुकलाय. कठड्याचा माथा आणि कठड्याखालचा वाटा (कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातला गोलसर उतार) यांतल्या भेगा आधी बघा, सगळ्या गच्चीला केमिकल फासायचा विचार नंतर.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर गिलावा उघडा, पण सगळी भिंत नको. फरशीलगत फूटभर चौकोन पुरे. छिन्नीच्या दांड्यानं ठोकून बद्द आवाज येईल तिथे घ्या. आत तीन गोष्टी बघायच्या.

एक, डीपीसी आहे का? जोत्याच्या माथ्यावर काँक्रीटचा किंवा डांबराचा पाणी अडवणारा थर दिसायला हवा. जुन्या वाड्यांत, पांढऱ्या मातीच्या बांधकामात तो नसतोच. दोन, डीपीसी असूनही ओल चढतेय का? याचं कारण हमखास सापडतं: गिलावा डीपीसीच्या वरून थेट जमिनीपर्यंत सलग उतरवलेला असतो, आणि पाणी गिलाव्यातूनच त्या थराला वळसा घालून वर जातं. असं दिसलं तर बाहेरचा गिलावा डीपीसीच्या पातळीवर आडवा कापा आणि खालचा पट्टा काढून टाका. अर्ध्या दिवसाचं काम, आणि गुण येतो.

तीन, वीट. पिवळट, नखानं कुरतडली जाणारी, ठोकल्यावर टणक न वाजणारी वीट म्हणजे कमी भाजलेली. आयएस १०७७ या मानकाप्रमाणे साध्या विटेनं चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिऊ नये. वीट सुकवून तोलायची, बुडवायची, पुन्हा तोलायची. घरच्या काट्यावर होतं. नव्या घराला विटा घेताय तर एक परीक्षा आणखी करा. ताटलीत इंचभर डिस्टिल्ड पाणी घ्या, गॅरेजमध्ये बॅटरीसाठी मिळतं ते. त्यात वीट उभी ठेवा. पाणी शोषून वीट वाळू द्या, पुन्हा तेवढंच पाणी घाला, पुन्हा वाळू द्या. विटेच्या दहा टक्क्यांपर्यंत भागावर पांढरेपणा आला तर चालतो. निम्म्याहून जास्त वीट पांढरी झाली तर ती गाडी परत पाठवा. मळीच्या मातीच्या विटा आणि क्षारपड रानातल्या विटा यांतला फरक या ताटलीत उघडा पडतो, भट्टीवाला काहीही सांगो.

बोअरच्या पाण्याचंही तसंच. चव खारट लागणारं पाणी मसाल्यात घातलं की लोणा तुम्ही स्वतःच भिंतीत भरता. आयएस ४५६ मध्ये काँक्रीटच्या पाण्यासाठी सल्फेटची मर्यादा लिटरला ४०० मिलिग्रॅम आहे, आणि लोखंड असलेल्या कामात क्लोराइडची ५००. प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यायला पुन्हा गिलावा करण्यापेक्षा फार कमी पैसे लागतात.

हे करू नका

लोणा पाण्यानं धुऊ नका. तो विरघळून परत विटेत जातो आणि भिंत वाळली की पुन्हा बाहेर येतो.

ॲसिड मारू नका. फरशीवाले सवयीनं मारतात आणि दोन दिवस भिंत स्वच्छही दिसते. मिठाचं आम्ल मसाल्यातल्या चुन्याशी मिळून कॅल्शियम क्लोराइड तयार करतं, आणि हवेतलं पाणी ओढण्यात तो मिठाच्याही पुढे आहे.

जिप्समची पुट्टी किंवा पीओपी ओल्या पट्ट्यावर नको, जिप्सम पाण्यानं मऊ पडतं.

आणि सगळ्यात महागाचा उपाय: आतून घट्ट सिमेंटचा गिलावा, त्यात वॉटरप्रूफिंग पावडर, वर ऑइल पेंट किंवा चार फुटांची टाइल. पाणी येणं चालूच आहे, फक्त उडायची वाट तुम्ही बंद केली. ते मिळेल तिथून बाहेर पडायला वर चढत जातं. दोन फुटांवरचा पट्टा साडेचारवर येतो, टाइलच्या वरच्या कडेशी लोण्याची रांग लागते. क्षार थराच्या मागे साचतात, तिथेच त्यांचे स्फटिक वाढतात आणि विटेचा दर्शनी भाग सोलून काढतात. सोडियम सल्फेट यात सगळ्यात वाईट: पाणी धरलं की त्याचा स्फटिक फुगतो, वाळला की आक्रसतो, आणि ३२ अंशांच्या मागेपुढे तो हा खेळ करतो. आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी आणि रात्री नेमकं हेच तापमान मागेपुढे होत असतं. टाइल काढल्यावर मागची वीट हातानं खरवडली जाते, ती यामुळे.

कारण बंद झालं, आता भिंत

काम दिवाळीनंतर सुरू करा. दृश्य ओलीच्या कडेपेक्षा फूट-दीड फूट वरपर्यंत गिलावा पाडा, कारण क्षार डोळ्यांना दिसतात त्याच्याही वर गेलेले असतात. दरजा अर्धा-पाऊण इंच खरवडा. नाकाला चांगला मास्क लावा, ही धूळ छातीत जाते. पडलेला गिलावा ताडपत्रीवर गोळा करून लांब टाका. अंगणात पसरला तर पहिल्या पावसात तोच क्षार पायात परत.

मग भिंत उघडी ठेवा. हे कुणाला आवडत नाही. जुना आडाखा असा की एक इंच जाडीला एक महिना. नऊ इंची भिंतीला कागदावर नऊ महिने होतात. दोन्ही बाजू उघड्या असतील आणि आपला फाल्गुन-चैत्राचा वारा मिळाला तर लवकर वाळते, पण उन्हाळा पूर्ण जाऊ द्यावाच. वाळताना लोणा फुलत राहील, दर आठवड्याला कोरड्या ब्रशनं झाडा आणि भुकटी उचला. जेवढा झाडाल तेवढा भिंतीतून कायमचा गेला.

लोणा फारच जुना असेल तर लगदा लावा. वर्तमानपत्राचा किंवा टिश्यूचा कागद क्षार नसलेल्या पाण्यात भिजवून कुटायचा, भिंत किंचित ओली करून अर्धा-पाऊण इंच जाड थापायचा आणि पूर्ण वाळू द्यायचा. लगद्याचं पाणी आत जाऊन क्षार विरघळवतं आणि वाळताना त्यांना घेऊन लगद्यात येतं. सोलून फेकून द्या, दोन-तीन वेळा करा. बोअरच्या पाण्यानं हे करण्यात अर्थ नाही, आणि पाण्याचा स्रोत चालू असताना तर अजिबातच नाही.

नवा गिलावा शक्य असेल तर चुन्याचा: एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, पातळ दोन थर. चुन्यातून भिंत श्वास घेते, आणि उरलेला क्षार विटेऐवजी गिलाव्यात बसतो. दहा-पंधरा वर्षांनी गिलावा खराब झाला तर गिलावा बदलता येतो, भिंत बदलता येत नाही. चुन्याचा कारागीर मिळत नसेल तर एक सिमेंट, एक चुना, सहा वाळू हा मिलाफ चालतो. निव्वळ सिमेंटच्या एकास चारपेक्षा कितीतरी बरा. गिलावा फरशीला टेकवू नका, अर्धा इंच वर थांबवा, फट स्कर्टिंगमागे लपते. वर चुन्याची सफेदी. सफेदी पक्की धरावी म्हणून काही जण चुन्यात मीठ टाकतात. या भिंतीसाठी ते सांगूनच बंद करा. प्लास्टिक इमल्शन हवंच असेल तर एक पावसाळा काढून मग.

महापुराच्या घरांबद्दल वेगळं सांगायला हवं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये कृष्णाकाठची घरं दिवसचे दिवस पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी दिवाळीच्या आत रंग उरकला, आणि पुढच्या उन्हाळ्यात तो उतरला. पुराचं पाणी भिंतीच्या पूर्ण जाडीत शिरतं. बाहेरून चार बोटं वाळलं म्हणजे भिंत वाळली असं होत नाही. अशा घरात गळती शोधत बसू नका. पुराच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत गिलावा काढा आणि वाळू द्या, एवढंच काम.

इथे थांबा, माणूस बोलवा

ओल स्विचबोर्डापर्यंत आली, भिंतीला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा ईएलसीबी (वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच) वारंवार पडतोय, तर मेन स्विच बंद करा आणि वायरमन येईपर्यंत भिंतीला हात लावू नका. बाकी सगळं नंतर.

तिरका किंवा पायरीपायरीनं जाणारा तडा, पाच मिलिमीटरपेक्षा रुंद किंवा महिन्यागणिक वाढणारा. भिंतीला आलेला फुगा. विटा बोटभर खोल पीठ झालेल्या. स्लॅबची सळई उघडी पडलेली. जुन्या घरात तुळईचं टोक भिंतीत कुजलेलं. यांतलं काहीही असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर. घर भिंतींवर उभं असेल, म्हणजे आरसीसीचे कॉलम नसतील, तर खालच्या विटा बदलणं म्हणजे टेकू देऊन टप्प्याटप्प्यानं करायचं काम आहे. ते गवंड्याच्या अंदाजावर सोडू नका.

ओलीला गटाराचा वास येत असेल किंवा नळाचं पाणी गढूळ येत असेल तर पालिकेला लगेच कळवा, आणि तोवर पाणी उकळून प्या. शेजाऱ्याच्या सामाईक भिंतीतून पाणी येत असेल तर दोन्ही घरांची तपासणी एकत्र करा. एकट्यानं आपल्या बाजूनं केलेली दुरुस्ती फुकट जाते.

डीपीसी नाहीच आणि वरच्या सगळ्या तपासण्या करून ओल पायातूनच चढतेय हे ठरलं, तर भिंतीत भोकं पाडून सिलेन-सिलॉक्सेनचं क्रीम (पाणी वर चढू न देणारं औषध) भरायचा उपाय आहे. तोही सरावाच्या माणसाकडून. विटांच्या भिंतीत तो चालतो. पांढऱ्या मातीच्या किंवा आत दगडगोटे भरलेल्या भिंतीत औषध सलग पसरत नाही. कोटेशन घेताना चार गोष्टी लिहून मागा: भोकं आडव्या दरजेत पाडणार की विटेत, दोन भोकांत अंतर किती (चार-पाच इंच असावं), बाहेरच्या जमिनीपासून किती उंचीवर, आणि जुना खारट गिलावा काढायचं काम त्यात धरलंय की नाही. शेवटच्या प्रश्नाला 'गिलाव्याला काही होत नाही, आहे तो राहू द्या' असं उत्तर आलं, तर दुसरं कोटेशन घ्या.